करिअर कोचची पहिली भेट : जाण्याआधी तुम्ही काय तयारी केलीत?

माझी भाची काही वर्षं राज्यसेवेची तयारी करत होती. आता खासगी नोकरी शोधायची म्हणते आणि पुढच्या आठवड्यात एका करिअर कोचला भेटणार आहे. त्यांनी फक्त बायोडेटा मागवलाय. अशा भेटीला जाऊन आलेल्यांनी घरून काय करून नेलं आणि त्यातलं कामाला काय आलं, ते लिहाल का?

सदाशिव पेठेतला माजी विद्यार्थी
यूपीएससीत खुल्या गटाला 32 वर्षं आणि 6 प्रयत्न, तिथे दार आपोआप बंद होतं. राज्यसेवेत वय 38 पर्यंत असतं, म्हणून थांबायचा निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. तो घेतल्याबद्दल भाचीचं मनापासून कौतुक.
बायोडेटात त्या वर्षांसमोर नुसतं 'स्पर्धा परीक्षा' लिहू नका. मी वही घेऊन बसलो आणि त्या काळात प्रत्यक्ष काय केलं ते उतरवलं : अर्थसंकल्प वाचून टिपणं काढली, पंचायत राज आणि जमीन महसूल कायदा वाचला, अभ्यासिकेतल्या नव्या मुलांची उत्तरं तपासून दिली. कोच बराच वेळ त्या शेवटच्या ओळीवरच बोलत राहिले. किती मुलं यायची, काय सांगायचास, कंटाळा यायचा का? बायोडेटात ती ओळ नव्हतीच. आज मी एका संस्थेत ग्रामपंचायत सदस्यांना प्रशिक्षण देतो. तिला वही करायला सांगाच.

ठाणे, अकाउंट्स
मुलं लहान होती म्हणून 2016 मध्ये नोकरी सोडली आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. मी गेले तेव्हा कागदावर दोन गोष्टी होत्या. आपल्यामागे कामात काय बदललं (जीएसटीची विवरणपत्रं, ई-इन्व्हॉइस) आणि घरचा हिशेब : पाळणाघराची फी, लोकलचा प्रवास, हातात किमान किती पगार यायला हवा. आकडा समोर असल्यामुळे 'आत्मविश्वास वाढवा' छापाचं बोलणं झालंच नाही. आधी कोणता कोर्स, मग अर्धवेळ काम कुठे, यावरच तासभर गेला.

अंबड एमआयडीसी, नाशिक
नोकरीत असाल तर नेमणूकपत्र वाचून जा. नोटीस किती महिन्यांची, बाँड आहे का. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग 5 वर्षं लागतात, माझी भरत आली होती. त्यावरून राजीनाम्याची तारीख ठरली.

पुणे, आता एचआरमध्ये
ताई, कोचचीही चौकशी करा. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं एसीसी प्रमाणपत्र असेल तर निदान 100 तास कोचिंग केलेलं असतं, पीसीसीला 500. फी, किती भेटी, मधल्या काळात फोन चालेल का, हे पहिल्याच दिवशी विचारावं. नोकरी लावून देण्याची हमी देऊन आगाऊ पैसे मागितले तर तिथून उठावं, ते कोचचं काम नाही.
आणि भाचीला एकटीलाच जाऊ द्या. आई-मावशी शेजारी बसल्या की मुलं घरच्यांना आवडेल ते उत्तर देतात, हे मी मुलाखतींतही पाहते.