सोन्यातला स्केलेटन क्रोनोग्राफ : आतले कोपरे बघा

स्केलेटन म्हणजे आतलं यंत्र आरपार दिसावं म्हणून कोरलेलं घड्याळ. कुणीतरी विचारलंय, यात यंत्राच्या प्लेटला, म्हणजे चाकं बसवलेल्या पत्र्याला, नुसती भोकं पाडायची, मग एवढे पैसे कशाला? अहो, साध्या तीन काट्यांच्या घड्याळात कोरायला निदान जागा असते. क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात, तरफा, स्प्रिंगा, चाकं खच्चून भरलेली. जास्त कोरलं की प्लेट लवते आणि चाकांची पकड बिघडते. म्हणूनच तेव्हा म्युनिकला असलेल्या क्रोनोस्विस या घड्याळ कंपनीनं १९९५ मध्ये वालझू ७७५० हे क्रोनोग्राफचं यंत्र कोरून 'ओपस' काढलं, ते मला फार मोठं काम वाटतं. हे यंत्र मुळात राबणारं, दिसायला अगदी साधं!

असं जुनं सोन्यातलं घड्याळ समोर आलं तर भिंग लावून कोरीवकामाचे आतले कोपरे बघा. टोकदार कोपरा कानशीनं, हातानंच निघतो. मशीनचा गोलसर राहतो. केसवर ७५० चा शिक्का म्हणजे १८ कॅरेट, तोही तपासा.