मुलांनी घरी नेट अभ्यासाला वापरावं, यासाठी शाळेनं नेमकं काय करावं?

सुरंगी

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या पालकसभेत एका आईनं विचारलं, "बाई, मोबाईल देऊ नका असं तुम्हीच सांगता आणि नेटवर बघून या असंही तुम्हीच सांगता. आम्ही करायचं काय?" तिथं मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं मांडते.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी मी सहावीला एक गृहपाठ दिला होता. घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, जी फळं-पानं बांधतात त्यातल्या कुठल्याही तीन वस्तू घ्यायच्या. घरात त्याला काय म्हणतात, मराठीत काय म्हणतात, शास्त्रीय नाव काय आणि ते उगवतं कुठं, एवढंच लिहायचं. अट एकच होती, आधी घरातल्या वयस्कर माणसाला विचारायचं आणि मग नेटला.

एका मुलीनं कवंडळ निवडलं. लालभडक, लिंबाहून मोठं फळ, वेलीचा वाळका तुकडा अजून देठाला चिकटलेला. आजीनं सांगितलं, हे खायचं नाही, फक्त बांधायचं, आणि कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या कडेला झाडावर चढलेल्या वेलीला येतं. नेटवर तिनं आधी इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं, हाती काही लागलं नाही. देवनागरीत टाकल्यावर एका पानावर इंद्रायणाचा फोटो आला, हिरव्या पट्ट्यांचं फळ, वाळूत पसरलेला वेल. तिनं फळ उचलून स्क्रीनशेजारी धरलं आणि वहीत लिहिलं, "फोटो वेगळा आहे. एकतर नेट चुकलं, नाहीतर एकच नाव दोघांचं आहे." मग शोधत शोधत ती ट्रायकोसँथिस ट्रायकस्पिडाटापर्यंत पोचली. लाल इंद्रायण असंही त्याला म्हणतात, म्हणून तो घोळ झाला होता.

ते एक वाक्य मला वर्षभराच्या प्रकल्पवह्यांपेक्षा मोलाचं वाटतं. अर्धं उत्तर घरात असेल असा प्रश्न दिला, की मूल नेटवर रिकाम्या हातानं जात नाही आणि तिथलं सगळं खरंही मानत नाही. २०२४ च्या 'असर' या शिक्षणविषयक अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी आहे. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांवर गेलेली ७६ टक्के. म्हणजे फोन चालवणं त्यांना शिकवावं लागत नाही. अभ्यासासाठी तो हातात घ्यावा असं कारण आपण देत नाही. ते कारण शाळेनंच द्यायला हवं असं मला वाटतं. तुम्हाला?

आबोली

सुरंगीताई, तुमची ती मुलगी हुशार आहे. माझा मुलगा सातवीत आहे, तोही हुशार आहे, पण तो कवंडळ शोधायला आत गेला तर चाळीस मिनिटांनी रील्समधून बाहेर येतो. माझी शिफ्ट संध्याकाळी सहाला सुटते, घरी पोचेपर्यंत सात. शाळा सुटते दीडला. दीड ते सात तो आणि त्याची आजी. "बाईंनी सांगितलंय" म्हटलं की आजी फोन देते. गेली तीन वर्षं मी त्याच्या हातातून फोन काढून घेते आहे आणि शाळेचा एक गृहपाठ ते सगळं धुवून टाकतो.

दुसरं, शाळेचे व्हॉट्सअॅप ग्रुप. रात्री साडेनऊला निरोप येतो, उद्या चार्ट हवा, अमुक व्हिडिओ बघून या. केरळच्या शिक्षण खात्यानं नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च माध्यमिकच्या मुलांना व्हॉट्सअॅपवर नोट्स पाठवायला बंदी केली, कारण त्यामुळं वर्गात शिकणंच मागं पडतं आणि छपाईचा भुर्दंड पालकांवर येतो. हे गोव्यात का होत नाही? नेट शिकवायचं तर शाळेत, शाळेच्या वेळेत, शिक्षकासमोर शिकवा. घर मोकळं सोडा.

काणकोणकर

मी टॅक्सी चालवतो. घरात फोन एक, तो माझ्याकडं, कारण भाडं त्याच्यावरच येतं. मी रात्री नऊला घरी. मुलं दोन. आता सांगा गृहपाठ कोण कधी करणार?

२०२० च्या पावसाळ्यात थोरली डोंगरावर जाऊन बसायची. रेंज तिथंच यायची. एका हातात छत्री, मांडीवर वही आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवरूनच बोट फिरवायचं. बरोबर गावातली आणखी चार मुलं. एके दिवशी शेजारच्या झाडावर वीज पडली, त्यानंतर मी तिला जाऊ दिलं नाही. तिचा त्या तिमाहीचा अभ्यास बुडाला तो बुडालाच. आज रेंज बरी आहे, पण पावसात लाइट गेली की काही तासांनी टॉवरही जातो.

आणि घरात एकच फोन असला की तो मुलाला मिळतो, मुलगी चुलीकडं जाते. माझ्या घरात मी हे होऊ देत नाही. पण बाजूच्या घरात होतं, डोळ्यांनी बघतो. नेटचा गृहपाठ दिला की शाळा न कळत त्या मुलीचे मार्क कापते.

सुरंगी

काणकोणकरदादा, मार्क मी दिले नव्हते आणि देऊही नयेत हे मान्य. आठ दिवसांची मुदत होती, दोघादोघांची जोडी होती, आणि ज्यांच्याकडं फोन नाही त्यांनी शाळेतल्या संगणकावर केलं. तरी तुम्ही मुलीचं जे लिहिलंत ते मी धरलं नव्हतं. जोडीतला फोन कुणाच्या घरचा आणि टाइप कोण करतं, हे मी बघायला हवं होतं.

आबोलीताई, रात्रीच्या निरोपांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण पीडीएफचा मारा करणं म्हणजे मुलांना नेट वापरायला लावणं नव्हे. ते म्हणजे वर्गातला फळाच मोबाईलवर आणून ठेवणं आहे.

जुना मास्तर

चाळीस वर्षं पेडण्यात मास्तरकी केली, म्हणून थोडं लांबवतो.

बाई, तुमची माटोळी सुंदर आहे. पण चवथ वर्षातून एकदा येते. उरलेले दहा महिने काय? अपूर्णांकाला कुठली आजी? चांगल्या गृहपाठाचा एक दाखला देऊन सगळ्या शाळांचं धोरण ठरवता येत नाही. तुमच्यासारखे वेळ काढून प्रश्न घडवणारे शिक्षक किती, आणि "अमुक विषयावर नेटवरून माहिती काढून आणा" असं सांगून मोकळे होणारे किती? दुसऱ्या प्रकारच्या वह्या मी तपासल्या आहेत. बावीस वह्यांत एकच परिच्छेद, शेवटचं अर्धवट तुटलेलं वाक्यसुद्धा तेच. आता तर एआयच्या यंत्राला विचारलं की ते वाक्यं बदलून देतं, म्हणजे ती चोरीही कळायची नाही. लिहिताना मुलाचा हात जिथं अडतो तिथं ते शिकत असतं. ती अडचणच तुम्ही काढून घेताय. म्हणून सातवीपर्यंत घरी नेटचा गृहपाठ नको, असं माझं मत.

फक्त एका जागी मी नमतो. आपल्याकडं सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणीतून, आणि पाचवीला सगळं एकदम इंग्रजीतून. आगरवाड्याच्या मिठागरात बापाबरोबर राबणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. वाफ्यातलं पाणी किती दिवसांत आटतं, मिठाचा थर कधी ओढायचा, हे तो मला शिकवायचा. चौथीत बाष्पीभवन त्यानं वर्गाला समजावून दिलं. पाचवीत फळ्यावर 'इव्हॅपोरेशन' आलं आणि तो मान खाली घालून बसला. महिनाभर त्याला कुणी सांगितलं नाही की ही तुझ्या मिठागरातलीच गोष्ट. त्या वेळी घरी शब्द शोधायची सोय असती तर? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आज नेटवर फुकट वाचायला मिळतो. पाचवीच्या प्रत्येक धड्याबरोबर शाळेनं दहा शब्दांची जोडयादी द्यावी, इंग्रजी एका बाजूला, मराठी-कोकणी दुसऱ्या बाजूला. शब्द हातात नसेल तर मूल शोधणार तरी काय? एवढंच करा, मी विरोध करणार नाही.

दूधसागर

मास्तर, तुमच्या त्या मुलाचं वाचून गलबललं. माझी आई अशीच पाचवीत गप्प झाली होती.

मी सांगे भागात संगणक शिकवतो. दोन कामाच्या गोष्टी सांगतो.

"शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवा" हा सल्ला सगळे देतात. बालरथ, म्हणजे मुलांना नेणारी शाळेची बस, दीडला निघतो. जो बालरथानं येतो तो थांबूच शकत नाही, आणि लांबून येणारी हीच मुलं, ज्यांच्या घरी काही नाही. उरतात शाळेजवळची, ज्यांच्याकडं बहुधा वायफाय असतं. मी हे एक वर्ष करून पाहिलं आणि सोडलं. आता लॅब मधल्या सुट्टीत आणि पहिल्या तासाआधी वीस मिनिटं उघडतो. बालरथ तेवढा लवकर येतो.

दुसरं, नेटवरचं सगळं नेटशिवाय देता येतं. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आख्खा मराठी विकिपीडिया उतरवून पेनड्राइव्हमध्ये मावतो. घरी जुना लॅपटॉप किंवा काकाचा सिमकार्ड नसलेला फोन असला तरी चालतो. रिचार्ज नको, रेंज नको, आणि आबोलीताई, त्यात रील्स नाहीत. गोवा विद्यापीठानं कोकणी विश्वकोश मुक्त परवान्यावर खुला केला, कोकणी विकिपीडिया २०१५ ला सुरू झाला, तोही असाच देता येतो.

मागच्या दशकात सरकारनं पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब्लेट वाटले, २०२१ पासून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबॉटिक्स आलं. वस्तू येतात. बॅटरी फुगल्यावर कुठं न्यायची आणि घरी गेल्यावर मुलानं त्यावर काय शोधायचं, हे कुणी ठरवत नाही.

आबोली

पेनड्राइव्ह चालेल. हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय.

मानस

मास्तरांच्या "उरलेले दहा महिने काय" याला माझ्याकडं उत्तर आहे. पाऊस.

वाळपईला शाळेत असताना आमच्या गणिताच्या सरांनी आम्हाला सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायला लावलं होतं. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजायचं आणि डबा ओतायचा. साडेआठच का? तर वेधशाळा चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ मोजते. मग पणजीचा आकडा सर पेपरातून वाचायचे. आमचा जवळजवळ रोज जास्त. का, म्हणून आम्ही भांडलो, आणि त्या भांडणातून घाट, ढग, वारा सगळं शिकलो. आज पणजीचा आकडा नेटवर दोन मिनिटांत मिळतो. सरासरी काढा, अपूर्णांक काढा, आलेख काढा. तीन महिन्यांचं गणित आहे ते. नेट रोज दोन मिनिटं, उरलेलं डब्यात आणि वहीत.

आणि यंत्राला विचारण्याबद्दल. मी पर्वरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलं विचारणारच, आपण दार लावून घेतलं तरी. त्यापेक्षा शाळेनं म्हणावं, विचार आणि त्याची एक चूक शोधून आण. कवंडळाच्या मुलीनं तेच केलं ना?

आबोली

मानस, डब्याला माझी हरकत नाही. यंत्राला आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीची संमती लागते असं म्हटलंय. मग शाळा अकरा वर्षांच्या मुलाला "खातं उघड आणि विचार" असं सांगू कसं शकते? माझा मुलगा तिथं घरचं काय काय लिहितो, मला ठाऊक नाही. चूक शोधून आण म्हणणं सोपं आहे. त्या मुलीच्या हातात फळ होतं, म्हणून तिला चूक दिसली. माझ्या मुलाच्या हातात काय असतं?

मानस

हा मुद्दा मला खोडता येत नाही. खातं लागेल असं काहीही शाळेनं घरी करायला सांगू नये. आणि हातात फळ आधी, हेही बरोबर. माझं वाक्य मागं घेतो.

जुना मास्तर

डब्याला मीही हो म्हणतो. पण प्रत्येक मुलाला एक डबा, आणि आकडा शाळेच्या फळ्यावर. पणजीचा आकडा मास्तरांनी लिहावा, मुलांनी घरी जाऊन शोधायची गरज नाही.

सुरंगी

मास्तर, इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार. आकडा तुम्ही फळ्यावर लिहून दिलात तर तो कुठून येतो हे मुलाला कधी कळणार? वेधशाळेचं पान आणि कुणीतरी पुढं ढकललेला "गोव्यात उद्या ढगफुटी" हा निरोप, दोन्ही त्याला एकाच फोनवर दिसतात. कुणावर विश्वास ठेवायचा हे फळ्यावरून शिकवता येत नाही. शाळेत दहा मिनिटं दाखवते, पण आठवड्यातून एकदा तरी त्यानं ते घरी, माझ्याशिवाय करायला हवं. उद्या मी नसणारच आहे.

बाकी पुढच्या पालकसभेत हे मांडते: संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर गृहपाठ नाही. नेटचं काम आठवड्यातून एकच, शुक्रवारी सांगायचं, पुढच्या शुक्रवारी बघायचं, पंधरा मिनिटांपेक्षा मोठं नाही. गृहपाठाच्या वहीत वरच लिहायचं की फोन किती वेळ लागेल, म्हणजे आजीलाही कळेल कधी काढून घ्यायचा. मार्क नाहीत. पेनड्राइव्ह दूधसागर सरांकडून भरून घेते. जोडीत टाइप आलटून पालटून.

काणकोणकर

शुक्रवार ते शुक्रवार असेल तर जमेल. रविवारी दुपारी मी दोन तास घरी असतो, फोन मुलांकडं देतो. एक तास थोरलीला, एक धाकट्याला. त्या वेळात भाडं आलं तर सोडून देईन. आमच्या शाळेत पेनड्राइव्हचं सांगणार कोण? मीच जाऊन विचारू का? दूधसागर सर, त्या सॉफ्टवेअरचं नाव परत एकदा नीट लिहून द्या, धाकट्याच्या वहीत लिहून पाठवतो.

दूधसागर

किविक्स. दादा, सोबत ३२ जीबीचा पेनड्राइव्ह न्या, मराठी आणि कोकणी दोन्ही आरामात बसेल. कोकणी भरायला विसरू नका सांगा.

आबोली

सुरंगीताई, मी अजून तुमच्या बाजूची नाही. पण सभेला येईन. शनिवारी सकाळी ठेवू नका, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणी कामावर असतात, आणि मग सभेत जे ठरतं ते आम्हाला ग्रुपवर रात्री साडेनऊलाच कळतं.