दर शनिवारची पूर्ण परीक्षा थांबवा

इथे दोघातिघा पालकांनी लिहिलंय की मुलं दर शनिवारी एसएटीची (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची) पूर्ण सराव परीक्षा देतात, तरी गुण हलत नाहीत आणि घरात वाद होतात. मला तर ही दर आठवड्याची परीक्षाच चुकीची वाटते. ब्लूबुकमधल्या (एसएटी ज्यावर देतात त्या अधिकृत अ‍ॅपमधल्या) सराव परीक्षा मोजक्या आहेत, त्या उधळू नका. दोन-तीन आठवड्यांनी एक पुरे. मधल्या दिवसांत फक्त चुकलेले प्रश्न घ्यायचे आणि प्रत्येकापुढे कारण लिहायचं: संकल्पनाच कच्ची होती, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला? गणितात हमखास होणारी चूक म्हणजे 'क्ष'ची किंमत काढून थांबणं, विचारलेली असते २क्ष + ३ ची.

एसएटीत वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग; प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्यातल्या कामगिरीवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. गणितात प्रत्येक भागाला २२ प्रश्न, ३५ मिनिटं. दुसरा भाग जड गेला की मुलं तिथेच हबकतात. खरं तर तो जड असणं बहुधा पहिला चांगला गेल्याची खूण असते. हे आधीच सांगून ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

घरातले वाद टाळायला कॉलेज प्रवेशाचं बोलणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. जेवताना अजिबात नको! बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांचे विभागवार सर्वोत्तम गुण धरतात, तेव्हा एक परीक्षा बिघडली तर लगेच हिशेब मागू नका. मात्र झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली दिसली तर अभ्यास बाजूला ठेवून शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा.