पाग टाकणारा फाइटर-रोग-वॉरलॉक: लेव्हल कशा वाटाव्यात?

खाडीकाठचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिकांच्या खेळातली आमची मोहीम देवबाग-तारकर्लीच्या धर्तीवर रचलेल्या किनाऱ्यावर आहे. कर्लीची खाडी, वाळूची पट्टी, समुद्रात किल्ला. २०१४ चे नियम, लेव्हल १ ते ८. पात्र म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाग (फेकायचं गोल जाळं) टाकणारा माणूस. मुख्य हत्यार जाळंच हवं.

व्हेरियंट ह्यूमन (मानवाचा पर्यायी प्रकार), २७ पॉइंटांत घेतलेले गुण: स्ट्रेंग्थ (ताकद) ८, डेक्स (चपळाई) १५, कॉन (दमखम) १४, इंट (बुद्धी) १०, विज (शहाणपण) १३, कॅरिस्मा (छाप) १२. ह्यूमनचे दोन्ही +१ डेक्स आणि कॅरिस्माला, म्हणजे वॉरलॉक घेण्याची कॅरिस्मा १३ ची अट भागते. विचार फाइटर (लढवय्या) ३, रोग (चोरटा) ३, वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा) २ लेव्हल असा आहे. वॉरलॉकचा पेट्रन (जादू देणारी शक्ती) फॅदमलेस, म्हणजे खोल समुद्राची, कारण समुद्राचा राखणदार त्याच्या पाठीशी आहे.

अडचण एकच: जाळं कुठूनही फेकलं तरी डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घेणं) लागतो. नियम मीच चुकीचा वाचतोय का?

पाच_फासे

बरोबर वाचताय. जाळ्याचा पल्ला ५/१५ फूट. शत्रू ५ फुटांत असला तर जवळून रेंज्ड हल्ला केल्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज, पुढे असला तर लांब पल्ल्याचा. म्हणून पहिल्या लेव्हलचा फीट (खास कौशल्य) क्रॉसबो एक्सपर्टच घ्या. जवळचा डिसअ‍ॅडव्हान्टेज त्याने जातो. पण त्या फीटचा खरा फायदा दुसरा आहे. एका हाताच्या हत्याराने अटॅक अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) घेतली की बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतली जादाची एक कृती) हँड क्रॉसबो (छोटं यांत्रिक धनुष्य) मारता येतो, आणि जाळ्याला 'टू-हँडेड' हा गुण नाही. (हे डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, आधीच बोलून घ्या, काही जण मानत नाहीत.)

फेरी अशी चालते: डाव्या हातात क्रॉसबो, उजव्यात जाळं. जाळं लागलं की शत्रू रिस्ट्रेन्ड (जखडलेला). उजवा हात मोकळा झाला, त्याने बाण भरायचा. लोडिंगची (बाण भरायला वेळ लागण्याची) अट फीटने उडवलेलीच आहे. बाण अ‍ॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला मोठा आकडा) जातो, म्हणजे स्नीक अटॅकही (रोगचं जादा डॅमेज) लागतो. पुढच्या फेरीत फुकटच्या ऑब्जेक्ट इंटरॅक्शनमध्ये (वस्तू हाताळण्याची सूट) नवीन जाळं काढायचं. चालताना क्रॉसबो हातात ठेवा. दोन्ही हात रिकामे असताना लढाई सुरू झाली तर पहिली फेरी वाया जाते.

आता वॉरलॉक. फॅदमलेसचा टेंटॅकल (जादूची सोंड) बोलवायलाही बोनस अ‍ॅक्शन लागते आणि नंतर हलवून मारायलाही. रोगची कनिंग अ‍ॅक्शनही (पटकन पळणं, लपणं) बोनस. क्रॉसबोचा बाण बोनस. एका ताटात तिघे जेवायला बसलेत. वॉरलॉक काढा, कॅरिस्माचा +१ विजला द्या. समुद्राचा राखणदार पात्राच्या कथेत राहू दे. त्याला लेव्हल कशाला हव्यात? पाण्यात श्वास आणि ४० फुटांचा पोहण्याचा वेग एका लेव्हललाच मिळतो हे खरं, पण मोहीम निम्म्याहून जास्त पाण्याखाली असेल तरच तो सौदा परवडतो.

माझा क्रम: फाइटर १, मग रोग ४, मग फाइटर ४ पर्यंत. सुरुवात फाइटरनेच, कारण जाळं मार्शल हत्यार आहे आणि रोगला ते येत नाही. आर्चरी स्टाइलचा +२ जाळ्यालाही लागतो, कारण ते रेंज्ड हत्यार आहे. पहिल्या लेव्हललाच डेक्सचे ३, प्रावीण्याचे २ आणि आर्चरीचे २, म्हणजे हल्ल्याला +७. रोग ४ ला डेक्स १८ करा. पाचव्या लेव्हलला +९, आणि बाण लागला की ३डी६+४ (सहा बाजूंचे तीन फासे अधिक ४) डॅमेज, सरासरी १४.५. फाइटर ५ ची, म्हणजे एक्स्ट्रा अटॅकची, घाई नको. जाळ्याच्या अ‍ॅक्शनमध्ये कितीही एक्स्ट्रा अटॅक असले तरी हल्ला एकच.

रोग ३ ला स्काउट ही उपशाखा. शत्रूने तुमच्या ५ फुटांत आपली पाळी संपवली की रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीतली कृती) वापरून अर्धा वेग सरकता येतं, अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटताना बसणारा फटका) न घेता. बोनस अ‍ॅक्शनला हात लागत नाही. फाइटर ३ ला बॅटल मास्टर ही उपशाखा, आणि तिच्या प्रिसिजन अटॅकचे डी८ (हल्ल्यात भर घालायचे आठ बाजूंचे फासे) जाळ्यासाठीच राखा. बाण चुकला तर एक बाण गेला, जाळं चुकलं तर अख्खी फेरी गेली. फाइटर ४ ला शार्पशूटर (लांब पल्ल्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज घालवणारा फीट), मग १५ फुटांपर्यंत बिनधास्त.

कुर्लीमास्तर

वरचं सगळं ठीक, पण समोर कोण आहे ते आधी बघा. सुटण्यासाठी शत्रूची अ‍ॅक्शन जाते आणि डीसी १० स्ट्रेंग्थ (फासा अधिक स्ट्रेंग्थचा बोनस किमान १०) लागते. गॉब्लिन (-१) निम्म्या वेळा सुटतो, ओगर (+४) ७५ टक्के. ओगर सुटला तरी त्याची अ‍ॅक्शन गेली, हीच आपली कमाई. ह्यूज (लार्जच्या वरचा आकार) किंवा त्याहून मोठ्या प्राण्यावर जाळं चालतच नाही. हंटर शार्क लार्ज, चालेल. जायंट शार्क ह्यूज, विसरा. जायंट क्रॅब उत्तम गिऱ्हाईक: डांग्यांचं डॅमेज ब्लजनिंग (ठेचणारं), म्हणून जाळं कापू शकत नाही. नख्यांचं स्लॅशिंग (कापणारं) डॅमेज असलेले प्राणी मात्र जाळ्याच्या एसी १० ला (हल्ला लागायला किमान १०) ५ डॅमेज करून मोकळे होतात. मल्टिअटॅक (एका पाळीत अनेक हल्ले) असेल तर उरलेला हल्ला तुमच्यावर.

आणि कोकणातली मोहीम म्हणजे भुतं येणारच. घोस्टला रिस्ट्रेन्डची इम्युनिटी आहे, वॉटर एलिमेंटललाही. भुतांका जाळा घालून काय करतलस? त्या दिवशी नुसता क्रॉसबो.

पाण्याखाली गंमत उलटी. बहुतेक रेंज्ड हत्यारांना तिथे डिसअ‍ॅडव्हान्टेज, पण क्रॉसबो आणि जाळं दोन्ही सुटतात. फक्त नॉर्मल पल्ल्याबाहेर हल्ला आपोआप चुकतो, म्हणजे जाळं ५ फुटांतच. शार्पशूटरही तिथे उपयोगी नाही.

अडकलेल्याला कोणी पाडू नये, हे मित्रांना सांगून ठेवा. वेग शून्य असल्याने तो उठू शकत नाही, हे छान वाटतं. पण प्रोन (आडव्या पडलेल्या) शत्रूवर ५ फुटांबाहेरून मारताना डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो, तो अ‍ॅडव्हान्टेजला खातो आणि स्नीक अटॅकही बुडू शकतो.

खाडीकाठचा

वॉरलॉक काढला. पागेची दोरी मनगटाला बांधलेली असते, तिने जाळं परत ओढता येईल का? आणि जाळी किती बाळगू?

पाच_फासे

दोरीचा नियम पुस्तकात नाही. चुकलेलं जाळं ऑब्जेक्ट इंटरॅक्शनने परत हातात, एवढं डीएमकडे मागा. अडकलेल्याला ओढत नेणं मागू नका, नाही म्हणेल. जाळी सहा घ्या. एक सोन्याचं नाणं आणि ३ पौंड प्रत्येकी, स्ट्रेंग्थ ८ ला १८ पौंड जड नाहीत.

गट २०२४ च्या पुस्तकावर गेला तर हा बिल्ड (पात्राची रचना) मोडतो. तिथे जाळं हत्यार राहिलेलं नाही. एका हल्ल्याच्या बदल्यात फेकायचं, शत्रू डेक्स सेव्ह (चपळाईने बचावाचा फासा) करतो. हल्ला एकच असताना जाळं टाकलं की अ‍ॅक्शन सर्ज (फाइटरची जादा अ‍ॅक्शन) वगळता त्या फेरीत बाण नाही, म्हणून तिथे उलटा क्रम: आधी फाइटर ५ (तिथे दुसरा हल्ला मिळतो), मग रोग.