एका पॉवर सप्लायवर पाच पेडल: शीळ थांबवण्यासाठी मदत हवी आहे

निपाणीतील आमच्या वाद्यवृंदात मी गिटारसाठी ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि डिजिटल डिले ही पाच पेडल (पायाने दाबून चालवायची छोटी उपकरणे) वापरतो. सर्व पेडल ९ व्होल्ट डीसीची, मधली पिन निगेटिव्ह असलेली आहेत; डिलेला ३०० मिलिअँपिअर लागतात, उरलेल्या चारांना मिळून १०० पुरतात. १ अँपिअरच्या अडॅप्टरवरून डेझी चेनने (एकाच वायरला अनेक प्लग असलेल्या केबलने) सर्वांना वीज दिली, की ओव्हरड्राइव्ह दाबताच स्पीकरमधून बारीक, चिरकी शीळ येते. पेडल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबल बदलून उपयोग झाला नाही. डिलेला वेगळा अडॅप्टर लावल्यावर मात्र ती पूर्ण थांबते. परंतु गणेशोत्सवात मंडपातील जनरेटरवर, तेही एकाच सॉकेटवर, भागवावे लागते. आयसोलेटेड सप्लाय (ज्याचे प्रत्येक आउटपुट विजेच्या दृष्टीने इतरांपासून वेगळे असते) महाग असल्याने विचारतो: ५०० मिलिअँपिअरचे दोनच आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय घेऊन, एकावर डिले आणि दुसऱ्यावर उरलेली चारही पेडल डेझी चेनने चालवली तर पुरेल, की प्रत्येकाला स्वतंत्र आउटपुट आवश्यकच आहे?