बी.एड.चा पर्यावरणाचा पेपर काढून टाकावा का?

टाचणवही
अनेक विद्यापीठांत बी.एड.ला पर्यावरण शिक्षणाचा पेपर आहे, कुठे सक्तीचा, कुठे ऐच्छिक. प्रश्न ठरलेले: ओझोनचा थर, चिपको, शाश्वत विकासाची उद्दिष्टे. लिहिणाऱ्या पोरांच्या सराव पाठाचं साहित्य मात्र थर्माकोल, चमकी कागद आणि लॅमिनेशन! राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, त्यात सजावटीचं थर्माकोलही गेलं. तरी निरीक्षक 'साहित्य आकर्षक' असा शेरा मारून गुण देतातच.
माझं मत: पेपर काढा. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवायच्या काळात, छात्राध्यापकांनी (बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी) शाळेच्या पाण्याचा, विजेचा, कचऱ्याचा हिशोब करावा आणि तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे आहेत. वेळ नाही, ही सबब चालणार नाही.

प्राचार्यांची डोकेदुखी
पेपर गेला की विषयच गेला. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. २००३ मध्ये त्याच न्यायालयाला एनसीईआरटीकडून अभ्यासक्रम करून घ्यावा लागला. सक्ती असताना ही गत! ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे कोण करतं? कार्यानुभवाचं, शाळेतल्या त्या हातकामाच्या विषयाचं, काय झालं, आठवा. आणि तुमच्या हिशोबाची तयार फाइल महिनाभरात झेरॉक्सच्या दुकानात मिळेल.

टाचणवही
त्या शाळेच्या वीजबिलाचा आकडा झेरॉक्सवाला कुठून आणणार?

प्राचार्यांची डोकेदुखी
आणेल. तुम्ही त्याला ओळखत नाही.

शिवारमास्तर
दोघंही कॉलेजच्या आवारातून बोलताय. माझी शाळा जिल्हा परिषदेची, मार्चनंतर गावाला टँकर. घरचे हंडे भरून मग शाळेत येणाऱ्या मुलींना 'पाणी वाचवा' काय शिकवू? नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहे, पुस्तकही वाईट नाही. पण शिकवणाऱ्याला गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडता यायला हवा: पाऊस किती पडला, बोअर किती, ऊस किती. शाळेच्या नळाचा हिशोब सोपा आहे हो. उसाचा काढला की समितीचे अध्यक्षच उठून जातात.

सातबारा
मास्तरांनी खरी दुखरी नस पकडली. घटनेच्या कलम ५१-क मध्ये नद्या, वनं, वन्यजीव यांचं रक्षण हे प्रत्येकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलंय, ते ओला-सुका कचरा वेगळा केला की संपत नाही. मी तर म्हणेन, छात्राध्यापकांना एकदा तरी जनसुनावणीला बसवा. पर्यावरणीय परिणामांबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, किमान ३० दिवस आधी नोटीस निघते, प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो वाचून प्रश्न काढता येणं हे मला रोपं लावून सेल्फी काढण्यापेक्षा मोठं शिक्षण वाटतं.

शिवारमास्तर
आज बसतील. नोकरी लागल्यावर? जिल्हा परिषदेच्या १९६७ च्या वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीका बसत नाही.

सातबारा
सारांश वर्गात वाचायला कुठे बंदी आहे? टीका पालक करतील.

शिवारमास्तर
पालक करतील आणि खुलासा मला मागतील.

टाचणवही
मग सरकारनंच मागितलेलं काम घ्या. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही हवी, म्हणजे तिथली झाडं, प्राणी, पिकं आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेली माहिती यांची नोंद. हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत आणि दंड लावल्यावर त्या घाईघाईत भरल्या गेल्या, असं बरेच जाणकार सांगतात. छात्राध्यापकांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना विचारून ती पडताळावी. कुठली भाजी आता उगवत नाही, ओढा कधी आटला. कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

शिवारमास्तर
ओढा का आटला, हे विचारलं की दुखेलच. पण हे काम मला पटलं. पोरं गावात तरी फिरतील.

प्राचार्यांची डोकेदुखी
मलाही जमण्यासारखं वाटतं. फक्त याला गुण किती द्यायचे आणि ते कशातून कापायचे, पाठाच्या की लेखी पेपराच्या, एवढं सांगा. अभ्यास मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो आणि तिथेच चहा येईपर्यंत ठराव बारगळतो.