बँडमधे स्वतःची गाणी करता का कोणी? माह्या साऱ्या चाली सारख्याच होऊन रायल्या

वावरातला गिटारवाला (दारव्हा, जि. यवतमाळ):
नमस्कार मंडळी. आमचा गावातल्या पोट्ट्यायचा बँड हाय, म्हनजे वरातीतला बँड नाई, मी गिटार, एक जन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड (काड्यायनं वाजवाचे इलेक्ट्रॉनिक पॅड) आन गायले भजनी मंडळातला दादा, ज्याचा आवाज माईक बंद पडला तरी मागच्या रांगेले आयकू जाते. प्रॅक्टिस एका जुन्या गोदामात, लाईन असली तं. गनपती, शारदा उत्सव, कोनाचं बारसं, असं वाजवतो. फर्माइशी ठरलेल्या, लोकं नाचतात, मजा येते, खोटं कायले बोलू. पन आता मले आपलं सोताचं गानं बसवाची खुमखुमी आली हाय. रात्री वावरात जागलीले गेलो का रानडुकरं हाकलता हाकलता काईतरी सुचते, मोबाईलमधे गुनगुनून ठेवतो, सकाळी आयकलं तं निम्म्यात कुत्रेच भुकून रायले.

अडचन अशी का गिटार हातात घेतली का बोटं आपोआप जी, डी, ई मायनर, सी याच चार कॉर्डवर (एकदम वाजनाऱ्या सुरायच्या जुडीवर) जातात आन सारी गानी एकाच गान्याची भावंडं वाटतात. दुसरं म्हनजे शब्द बसत नाई. आता हे पाहा, "माह्या बापाच्या वावरातल्या कपाशीचं बोंड फुटलं आन सारं वावर पांढरं होऊन गेलं", इचार बरा हाय पन म्हनता म्हनता दादाचा दम निघते. आन तिसरं, दादा गाते काळी दोनमधे, म्हनजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात, मले सारे बार कॉर्ड (एका बोटानं साऱ्या तारा दाबून) धरा लागते, मनगट धरून येते. कोनी करते का असं काई? का फर्माइशीच वाजवाव चुपचाप?

पेटीवाला (दर्यापूर):
तिसऱ्याचं उत्तर सोपं हाय भाऊ, कॅपो घे, म्हणजे गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. काळी दोन म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत डी शार्प. पहिल्या पट्टीवर कॅपो लाव आणि डीचे साधे कॉर्ड वाजव, झालं काळी दोन. नाहीतर तिसऱ्या पट्टीवर लावून सीचे. दादाचा आवाज बसला असेल आणि तो काळी एकवर उतरला तर कॅपो पहिल्या पट्टीवर आणि सीचे कॉर्ड. एवढं पाठ केलं की कोणत्याही भजनी मंडळात जाऊन बसता येतं.

पण एक ध्यानात ठेव, तुमच्यासोबत कधी खरी पेटी बसली तर अॅपवर ट्यून करून जाऊ नको. पेटीचे सूर आतल्या पितळी पट्ट्या घासून लावलेले असतात, ते काही ऐनवेळी पिळता येत नाहीत, आणि जुन्या पेट्या ४४० वर (अॅप ज्या आकड्यावर सूर धरतं तो) असतीलच असं नाही. गिटारनंच पेटीकडे जायचं. अॅपमधे ते ४४० खालीवर करायची सोय असते, नाहीतर सरळ कानानं लाव, आमच्या वेळी कुठलं अॅप होतं.

ओवीवाली ताई (वर्धा जिल्हा):
दादा, तुमची ओळ मला आवडली, फक्त ती ओळ नाही, बातमी आहे 😀 आपल्याकडे मोजायची जुनी पद्धत आहे ना, ती वापरा. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरं, मोठ्यात सहा-सहा-सहा-चार. आमच्या आजीला मोजणं वगैरे काही माहीत नव्हतं पण जात्यावर बसली की ओवी बरोब्बर ठेक्यात पडायची, जातं फिरतंय तेवढ्यातच ओळ संपली पाहिजे ना. तुमचीच ओळ मी आठात बसवून पाहिली:

बोंड फुटलं गं बाई, वावर झालं पांढरं
भाव आयकला तसं, तोंड पडलं पांढरं

बाप, कपाशी, "सारं", "होऊन गेलं" हे सगळं गळालं तरी काही बिघडलं नाही बघा, उलट दुसऱ्या ओळीला जागा झाली. आणि केरवा ताल आठ मात्रांचाच, धा गे ना ति न क धि न, त्यावर आठ अक्षरं आरामात चालतात. "पांढरं" ओढून म्हणायला दादांना सांगा.

फर्माइशीचं म्हणाल तर आमचा बचत गटाच्या बायकांचा छोटा ग्रुप आहे, ढोलकी, टाळ आणि माझी एक साधी गिटार. आम्ही सुरुवातीला दोन ओळखीची गाणी घेतो आणि मधात आपलं एक सरकवून देतो, काही न सांगता. आपलं आहे असं आधी सांगितलं की लोक कान टवकारून चुका शोधतात.

वडसेकर (गडचिरोली):
ताईशी अर्धा सहमत. न सांगता कायले? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात या, दिवाळी झाली का नाटकांचा सिझन सुरू, रात्री उशिरा पडदा उघडते ते पार पहाटेपर्यंत, आणि गाणं नवीन आहे का जुनं हे पब्लिक पाहत नाही, चाल धरली तर वन्स मोअर, नाही धरली तर चहा प्यायला उठते. एवढा खरा निकाल कोणत्या लाईकमधे भेटते? त्यामुळे छातीठोक सांगा, आमचं आहे म्हणून. आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी काय केलं, मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, स्वतःच खंजेरी घेऊन गावोगाव म्हटलं. विदर्भातल्या माणसाने स्वतःचं गाणं म्हणायला लाजावं हे मले पटतच नाही.

बाकी ऑक्टोपॅडवाल्याला म्हणा सगळे पॅड एकाच गाण्यात वाजवायचे नसतात. हा रोग आमच्याकडे पण आहे.

सहा तारा (नागपूर):
चाली सारख्या होण्याबद्दल कोणी बोललंच नाही. भाऊ, तू आधी कॉर्ड धरतो आणि मग त्यावर गातो, म्हणून गळा त्या कॉर्डच्याच सुरांवर जाऊन बसतो. गिटार भिंतीला टेकवून ठेव. आधी नुसत्या टाळ्यांवर, खंजेरीवर म्हण, दादाकडून म्हणवून घे, तो भजनी आहे म्हणजे त्याच्या गळ्यात अशा जागा (हरकती) असणार ज्या आपल्या बोटांत नाहीत. ते रेकॉर्ड कर. मग गिटार.

आणि मग पण लगेच चार कॉर्ड नको. सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरव, म्हणजे वरच्या तीन तारा डी, ए, डी होतात, सा प सा. कॅपो पहिल्या पट्टीवर असेल तर तोच तंबोरा काळी दोनमधे. पूर्ण मुखडा त्यावरच जाऊ दे. कॉर्ड बदलायचाच तर चाल ऐकून बदल, चालीत कोमल नी (अर्धा सूर उतरलेला नी) लागत असेल आणि तू डी नंतर सवयीनं ए मेजर मारला तर त्यात शुद्ध नी आहे, दोघं एकमेकांना खातात, तिथं सी वाजव, गाणं एकदम मातीत उतरतं. कॅपोनं सगळंच अर्धा सूर वर जातं म्हणून नावं तीच ठेव, डोकं फिरवून घेऊ नको. स्ट्रमिंग पण ते यूट्यूबवालं डाऊन-डाऊन-अप सोड, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर जाड तार, मधे हलके फटके, झाला केरवा.

(अवांतर: गिटार त्या गोदामात ठेवत असशील तर मे महिन्यात घरी आण. टिनाखाली लाकूड सुकतं, पट्टीच्या कडा बोटाला टोचायला लागतात, मग पावसाळ्यात फुगून तारा उंच होतात आणि आपण म्हणतो बोटात जोर नाही.)

वावरातला गिटारवाला:
बाप्पा, एवढं तं मले गिटारच्या क्लासमधे बी नाई भेटलं. काल लाईन नोती म्हनून कीबोर्ड आन ऑक्टोपॅड दोन्ही बंद, मी, दादा आन एक खंजेरी, बस. ताईची ओळ दादाले देल्ली, त्यानं "पांढरं" वर अशी काई जागा घेतली का मी वाजवाचंच इसरलो. जाड तार उतरवून नुसतं सा प सा चालू ठेवलं, कोमल नी लागते, सी वाजवला, जमलं ना भौ! बाहेर बकऱ्या बांधनारी आजी येऊन इचारते, हे कोनतं भजन हाय रे. आता भजन म्हनावं का भाव मांगनारं गानं ते तिले काय सांगू.

कीबोर्डवाला मात्र रुसला हाय, म्हनते मले यात कामच नाई.

पन अंतरा अडकला. पांढरंले जुळनारं एक सापडत नाई, मी आनलेलं सारं ओढून तानून हाय. ताई, वडसेकर, काई सुचते का?

ओवीवाली ताई:
दिवाळीच्या कपड्याले, वाट पायते लेकरं

कीबोर्डवाल्याला अंतऱ्याच्या मधला तुकडा द्या, रुसवा जाईल.

वडसेकर:
ताई, ही ओळ आमच्याकडच्या नाटकात चालन. विचारून घेतो, हं.

वावरातला गिटारवाला:
ओ थांबा वडसेकर, पयले आमच्या शारदा उत्सवात होऊ द्या ते! ताई तुमचं नाव माईकवरून घेऊ का नको ते सांगजा, दादाले लय उत्साह हाय, तो तं गावाचं नाव बी घेईन.